बोटाच्या पेराएवढा स्नायू

९ जानेवारी

आज धाकटीच्या नावाने पत्र आलं. तीन ओळी. एवढ्या तीन ओळी लिहायला बसवाल्यांच्या त्या वैद्यकीय मंडळाला चार महिने लागले. ‘क्ष-किरण तपासणी निर्दोष. मानेच्या हालचालीत दोष आढळला नाही. तक्रार कामचुकारपणाची वाटते.’ खाली सही, शाईत पाय बुडवून झुरळ चालल्यासारखी.

कामचुकारपणाची! अकरा वर्षं बस चालवणाऱ्या बाईला! तापात फणफणत असताना सकाळची पाचची पाळी न चुकवणाऱ्या बाईला!

पत्र मी मोठ्याने वाचलं. धाकटीने ते माझ्या हातातून घेतलं, घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, “ताई, भात लावू की पोळ्या करू?”

मी म्हटलं, “तुला काही वाटतं की नाही?”

“वाटतं ना. भूक लागलीय असं वाटतं.”

अशी आहे ही. आईवर गेली आहे. सगळ्या जगाने हिच्या पायावर पाय देऊन जावं आणि हिने पाय आवरून घ्यावा. मी नाही ऐकून घेणार. अपील करायला पंधरा दिवस आहेत. अर्ज मी आत्ता, जेवायच्या आधी लिहिला. तिने सही तेवढी केली.

११ जानेवारी

राग अजून तसाच आहे. तरी जे झालं ते नीट लिहून ठेवते, सुनावणीत उपयोगी पडेल.

गेल्या जूनमध्ये तिची बस थांब्यावर उभी होती. एक म्हातारे गृहस्थ काठी सावरत चढत होते आणि ते नीट चढले का हे ती मान वळवून बघत होती. तेवढ्यात मागून ट्रक आदळला. म्हाताऱ्यांना खरचटलंसुद्धा नाही. बसचा मागचा दिवा फुटला. आणि धाकटीची वळलेली मान एकदा पुढे, एकदा मागे, चाबकासारखी गेली.

तेव्हापासून कवटीच्या खाली, मागच्या बाजूला दुखतं. तिथून कळ निघते ती डोक्यावरून डोळ्यामागे येऊन बसते. दरवाज्याकडच्या आरशात बघायला मान वळवली की अंधारी येते. अशा बाईने साठ माणसं घेऊन गर्दीतून गाडी चालवायची म्हणे.

मंडळाच्या डॉक्टरने तिला किती वेळ तपासलं? दोन मिनिटं. मान धरली, इकडे केली, तिकडे केली, “पुढचा” म्हणाला. क्ष-किरणात हाडं दिसतात. हाड मोडलं असतं तर ते बसच्या वाहकानेही ओळखलं असतं.

मी बावीस वर्षं शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये काढली आहेत. डॉक्टर होणाऱ्या पोरांना माणसाचं शरीर उघडून दाखवते. हा डॉक्टरसुद्धा कधीतरी माझ्यासारख्याच कुणा डेमॉन्स्ट्रेटरबाईपुढे नाकाला रुमाल लावून उभा राहिला असेल. त्याला दाखवलेलं तो विसरला. त्याला परत दाखवायला हवं.

१६ जानेवारी

कवटीच्या खाली जो स्नायू आहे त्याच्याबद्दल आज पुस्तकं काढून बसले. मोठ्या ग्रंथात त्याला दीड ओळ! मानेच्या पहिल्या मणक्याच्या मागे बारीकसा उंचवटा असतो, तिथून तो निघतो, पंख्यासारखा पसरतो आणि कवटीच्या तळाला मागच्या बाजूने चिकटतो. उजवीकडे एक, डावीकडे एक. बोटाच्या पेराएवढा. ‘डोके मागे झुकवण्यास साहाय्य करतो.’ साहाय्य! एवढासा जीव डोकं काय ओढणार? ते काम त्याच्यावरचे दांडगे स्नायू करतात. ह्याच्यात ताण ओळखणारे तंतू मात्र ठासून भरलेले. डोकं कुठे आहे, किती वळलं, हे मेंदूला कळवणारा तो असावा, असं आता बरेच जण मानतात.

आणि मुख्य गोष्ट पुढेच. ह्या स्नायूपासून काही धागे आत शिरतात. कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये फट असते, त्या फटीतून जाऊन मज्जारज्जूच्या आवरणाला जोडले जातात. म्हणजे बाहेरचं मांस आतल्या आवरणाला बांधलेलं. ते आवरण ओढलं गेलं तर डोकं दुखणार नाही तर काय होईल?

विभागप्रमुख सरांकडे गेले. त्यांना म्हटलं, हा भाग आपल्या संग्रहात नाही, मी तयार करते.

सर चष्मा पुसत म्हणाले, “मुलांना दाखवायला हवाच. पण एकदम आत्ताच का?”

“मुलांसाठीच.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “तुमचा हात सोन्याचा आहे हो. पण डोकं गरम असताना सुरी हातात घेऊ नका.”

बावीस वर्षांत बढती देताना नाही आठवला हा सोन्याचा हात.

२२ जानेवारी

चार नंबरच्या टेबलावर एक वृद्ध बाई आहेत. देहदान केलेल्या. वय ऐंशी, बाकी काही ठाऊक नाही. मी माझ्या टेबलावरच्या सगळ्या बायकांना मावशी म्हणते. पोरं हसतात, हसोत.

मावशींना पालथं केलं. मानेमागची त्वचा काढली. वरचा चादरीसारखा स्नायू, त्याखालचा पट्ट्यासारखा, त्याखालचा दोरखंडासारखा जाड. त्या दोरखंडाला भोक पाडून एक मज्जातंतू वर येतो आणि टाळूकडे जातो. तो जपला. घाई केली नाही. तीन तास वाकून उभी होते.

दुपारी घरी फोन केला, धाकटीने उचलला नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, “फिरायला गेले होते.” दुखऱ्या मानेने कशाला हिंडते उन्हातान्हात? वर चांगला मोठा टॉवेल सुरनळी करून, दोन्ही टोकांना दोरी बांधून पलंगावर टाकून दिलेला. मी सोडून घडी घातली. घरभर पसारा. तिला बोलले, ती हसली. आजारी माणसाने निदान आवरून तरी ठेवावं.

३१ जानेवारी

आज मी फार वाईट काम केलं.

मधोमध उभा छेद घेऊन झाला होता. आता उजव्या आणि डाव्या अर्ध्या भागात एकेक स्नायू, आतून आणि बाहेरून बघता येईल असा. डावी बाजू आधी घेतली. स्नायू सुरेख मोकळा झाला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा डेमॉन्स्ट्रेटर, आमच्या हॉलचा रेडिओ, म्हणाला, “काय बाई, बहिणीची केस अजून चालूच? माझा मेहुणापण असाच पाठ धरून बसला होता दोन वर्षं. क्रिकेटच्या मॅचला बरा पळायचा.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी उत्तर दिलं नाही. पण हातातल्या चिमट्याने दिलं. फटीतले धागे होते, ते ओढले गेले आणि तुटले. काही आवाजसुद्धा झाला नाही. ओल्या कागदासारखे सुटून आले.

नऊ दिवसांचं काम. आणि मावशींचं नुकसान, ते तर भरूनच येणार नाही.

रेडिओला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पोरं ऐकत होती.

२ फेब्रुवारी

हॉलमध्ये गेले नाही. धाकटीने विचारलं, काय झालं? सांगितलं. ती म्हणाली, “दुसरी बाजू आहे ना?”

“आहे.”

“मग उद्या कर. आज झोप काढ.”

हिला सगळंच सोपं वाटतं.

१२ फेब्रुवारी

झालं!

उजवी बाजू. भिंग लावून, श्वास धरून. कवटीच्या कडेला तो लालसर तपकिरी पंखा. त्याच्या आतल्या अंगाने निघालेले धागे, पांढुरके, एकमेकांना बिलगलेले, फटीतून जाऊन आवरणात मिसळलेले. चिमट्याने स्नायू अगदी हलकेच ओढला, तर आतलं आवरण हललं. माझ्या डोळ्यांदेखत हललं. मी परत ओढला, परत हललं.

सरांना हाक मारली. ते दोन्ही हात मागे बांधून वाकले, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “चाळीस वर्षांत इतका स्वच्छ पाहिला नव्हता.”

पाच मिनिटं माझा राग कुठे गेला होता कोण जाणे. मग परत आला.

घरी आले ती चपला काढायच्या आधीच दारातून ओरडले, “जमलं गं!” धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने हातातलं काम न सोडता मान वळवून बघितलं. “जमलं? बघ, म्हटलं होतं ना!” मी चित्र काढून दाखवलं.

“एवढासा?” ती म्हणाली. “ह्याच्यासाठी एवढं रामायण?”

“हाच तर आहे तुझा शत्रू.”

“शत्रू कशाला? बिचारा काम करतोय.” मग म्हणाली, “ताई, मला गाडी चालवायची आहे गं. घरी बसून वीट आलाय.”

म्हटलं, आधी तो ‘कामचुकार’ शब्द खोडून घेऊ. गाडी काय पळून जाते? ती परत ओट्याकडे वळली. पटलं असावं.

२७ फेब्रुवारी

सर नाही म्हणाले.

मी सरळ विचारलं होतं. मावशींचा तो भाग ठेवलेली बरणी एका दिवसासाठी हवी, चौदा मार्चला सुनावणी आहे.

“नाही,” ते म्हणाले. “त्या बाईंनी शरीर दिलं ते शिकण्यासाठी. तुमच्या भांडणासाठी नाही.”

“त्या डॉक्टरला शिकायचीच गरज आहे.”

“आणि समजा दाखवलंत. हे धागे आहेत एवढंच त्याने कळेल. तुमच्या बहिणीची मान त्यांच्यामुळेच दुखते हे कळेल का? तुम्ही शास्त्र शिकवता. तुम्हाला हे मी सांगायचं?”

मी दार आपटून बाहेर आले. सगळे एका माळेचे मणी. आपल्या डॉक्टर जातभाईला वाचवायचं, दुसरं काय!

धाकटी आजही दुपारभर बाहेर. येताना गुणगुणत जिना चढली. मला वाटतं तिला ह्या सगळ्याचं गांभीर्यच नाही.

१४ मार्च

मी बरणी नेली. कापडात गुंडाळून, किराण्याच्या पिशवीत घालून, मांडीवर धरून. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.

मंडळाच्या खोलीत लांब टेबल, मागे तिघं. मधे तोच. धाकटी समोरच्या खुर्चीत बसली, मी पिशवी टेबलावर ठेवली.

“हे काय आहे?”

“माणसाची मान,” मी म्हटलं. “तुम्ही दोन मिनिटांत तपासलीत ती.”

शेजारची सदस्य बाई खुर्ची मागे सरकवून उठली. डॉक्टर उठला नाही. मी कापड अर्धं सोडलं, स्नायूचं नाव सांगितलं, धागे सांगितले. त्याने ऐकून घेतलं, आणि मला म्हणाला, “बाई, हा स्नायू मलाही आहे. तुम्हालाही आहे. हे धागेही आहेत. म्हणून आपण दोघं कामावर जायचं थांबवतो का? ह्यांचं दुखणं ह्या बरणीत कुठे आहे, ते दाखवा.”

 मी आवाज चढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ‘खाटीक’ म्हटलेलं आठवतं. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. पिशवी माझ्या हातात कोंबली. दार बंद झालं आणि धाकटी आत एकटी राहिली.

दोन तास. दोन तास मी त्या बाकावर मावशींना मांडीवर घेऊन बसले होते. येणारे जाणारे पिशवीकडे बघत होते. मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. त्या बाईंनी काय विचार करून देह दिला असेल आणि मी त्यांना कुठे आणून बसवलं.

आता लिहवत नाही.

१५ मार्च

आत काय झालं ते धाकटीने आज सकाळी चहा पिताना सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

मला काढल्यावर डॉक्टर म्हणाला, “तुम्हाला काही बोलायचंय?” ती हो म्हणाली. आपल्या पर्समधून कागद काढले. सप्टेंबरपासूनचे! बाजारामागच्या गल्लीत एक व्यायामोपचाराच्या बाई आहेत, त्यांच्याकडे ही आठवड्यातून तीनदा जाते. सहा महिने! कागदांवर दर महिन्याचं माप. मान उजवीकडे किती वळते, डावीकडे किती, अंधारी कधी येते, किती वेळ टिकते. सप्टेंबरात निम्मीसुद्धा वळत नव्हती. आता बरीचशी वळते.

डॉक्टरने कागद दोनदा वाचले. म्हणाला, “हे आधी का नाही दाखवलंत?” ही म्हणाली, “तुम्ही विचारलं नाहीत.” मग त्याने परत तपासायचं म्हटलं. ह्या वेळी वीस मिनिटं लागली. दोन महिने आगारात बसून हलकं काम, मग गाडी चालवून परीक्षा, असं ठरलं. कागद सहीला पुढे केला.

“मी सही केली नाही,” धाकटी म्हणाली. “म्हटलं, आधी तो शब्द खोडा. ते म्हणाले, निकाल तुमच्या बाजूने लागलाय, आता शब्दाचं काय घेऊन बसलात? म्हटलं, मी बसते. आणि बसले. त्यांनी दुसऱ्या तीन माणसांच्या केसेस उरकल्या. मी खुर्ची सोडली नाही. शेवटी खोडला. नवीन कागद टाइप करून दिला.”

मी विचारलं, “तू आवाज चढवलास?”

“नाही गं. कशाला?”

मला आनंद व्हायला हवा होता. मी कप आपटला. सहा महिने! मला सांगितलं नाहीस! तो टॉवेल, ते फिरायला जाणं!

“सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?”

मी म्हणाले असते, टॉवेल मानेखाली घेऊन डोकं हलवल्याने काय होणार. अगदी हेच म्हणाले असते. आत्ताही जिभेवर होतं.

“तू माझ्यासाठीच करत होतीस, कळतं मला,” ती म्हणाली. “पण ताई, इतके दिवस तू त्या मावशींच्या मानेला हात लावलास. माझ्या मानेला एकदा तरी लावलास का?”

मी उठून कामावर निघून गेले. एवढा राग कुणाचा आला होता ते रस्ताभर कळेना.

१८ मार्च

मेमो मिळाला. मंडळाने कळवलं होतंच, सरांनी लपवलं नाही. तीन महिने सुरीला हात लावायचा नाही. परीक्षेच्या याद्या, कपाटांच्या नोंदी, बस्स. रेडिओने माझं टेबल घेतलं.

सर म्हणाले, “नोकरी वाचवली आहे. ह्याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही.”

मी कबूल केलं. चूक झाली म्हटलं. हे शब्द घशातून काढायला जेवढा जोर लागला तेवढा करवतीलाही लागत नाही. मग चार नंबरच्या टेबलापाशी गेले, कुणी नव्हतं, मावशींचीही माफी मागितली. तिथे मात्र जोर लागला नाही.

२५ मार्च

त्या व्यायामवाल्या बाईंना जाब विचारायला गेले. माझ्या बहिणीवर मला न सांगता उपचार करता म्हणजे काय! खोली केवढीशी, तीन पलंग, भिंतीला घड्याळ. बाई माझ्याहून लहान, बाह्या दुमडलेल्या. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमची बहीण चौतीस वर्षांची आहे ना?”

आहे, मी म्हटलं.

धाकटी पलंगावर उताणी होती. बाई म्हणाल्या, आलाच आहात तर इथे बोटं ठेवा. माझी बोटं त्यांनी तिच्या कवटीच्या कडेखाली सरकवली. “दाबू नका. नुसती ठेवा. डोक्याचं वजन येऊ द्या.”

शेकडो माना ह्या हातांखालून गेल्या आहेत. सगळ्या थंड. ही गरम होती, आणि बोटांखाली काहीतरी घट्ट होतं, आणि मग हळूहळू ते सैल झालं. तो माझा स्नायू होता की वरचा दुसरा कुठला, मी सांगू शकत नाही. इतकं मांस वर असताना कुणीच सांगू शकत नाही. धाकटीने डोळे मिटले होते.



 

२० मे

ती परीक्षा पास झाली. मला येऊ नको म्हणाली होती, गेले नाही. आल्यावर पेढा दिला.

आनंद झालाच. पण तो डॉक्टर अजून त्याच खुर्चीत आहे, अजून दोन मिनिटांत माना तपासतो आहे आणि सगळ्यांना काही सहा महिन्यांचे कागद जपायची अक्कल नसते. त्याच्याविरुद्ध तक्रार लिहायला घेतली आहे. ह्या वेळी धाकटीला आधी विचारलं. ती म्हणाली, “लिही. पण खाटीक लिहू नकोस.”

२४ मे

आज तिचा गाडीवरचा पहिला दिवस. सकाळी थांब्यावर जाऊन उभी राहिले. तीन बस सोडल्या. चौथी तिची. मी मागच्या दाराने चढले, शेवटच्या रांगेत बसले, डोक्यावर ओढणी घेतली.

तिची मान तिथून दिसत होती. केस वर बांधलेले. प्रत्येक थांब्यावर ती दरवाज्याकडे पूर्ण वळायची, शेवटचा माणूस चढेपर्यंत बघायची, मग पुढे. मी मोजत होते. अकरा थांबे. एकदाही हात मानेकडे गेला नाही.

बाराव्या थांब्यावर एक बाई कुबड्या घेऊन चढत होत्या. वेळ लागत होता. मागच्या मोटारवाल्याने हॉर्न दाबला, तो सोडेचना. मग गाडी पुढे रेटून बसच्या शेपटाला आणून टेकवायलाच निघाला. मला काय झालं कळलं नाही. मी उठले, मागच्या काचेवर मुठी आपटल्या, ओरडले, “थांब! आंधळा आहेस का? दिसत नाही माणूस चढतंय ते? खाली उतरून आले तर बघ!” ओढणी कधीच खांद्यावर आली होती. अख्खी बस वळून माझ्याकडे बघत होती.

पुढून आवाज आला, शांत, जरा मोठा.

“मागच्या बाई, खाली बसा. गाडी सुटतेय.”

बसले.